पेन्सिलीत राहिलेला बोळ

लिमये सर गेल्याचं मला त्यांच्या मुलीच्या, मेधाच्या फोनवरून कळलं. सकाळची वेळ होती, मी आईच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते. "ताई, बाबा गेले. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. खरं सांगते, मनात पहिला आला तो दुःखाचा विचार नव्हता. मनात आलं, आता ते कार्ड शाईत यायचं नाही. शेवटपर्यंत म्हातारा काही बोलला नाही, आता तर बोलायचाच नाही. मग रडू आलं, आईनं पाणी आणून दिलं, सगळं झालं. पण आधी हे आणि मग ते, असं झालं. सरांवर लिहायचं तर क्रम बदलून चालणार नाही. त्यांना ते खपलं नसतं.

नारायण पेठेतले लिमये सर शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरीत असल्यापासून त्यांना एकच नाद. पुण्यातल्या जुन्या बोळांना, गल्ल्यांना, चौकांना नावं कशी पडली ते शोधायचं. मोठ्या रस्त्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "मोठ्या रस्त्यांना नावं देतात, त्याचा कागद असतो. बोळाचं नाव लोकांच्या तोंडी बसतं, त्याचा कागद कुठून आणणार?" असं म्हणायचे. मी तेव्हा रस्त्यांच्या पाट्यांचं काम बघणाऱ्या एका कचेरीत कारकून होते. एका दुपारी हे माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. साधा बुशशर्ट, खिशाला दोन पेन्सिली. "आपली एक पाटी खोटं बोलतेय," म्हणाले. मी म्हटलं, "पाटी मी रंगवलेली नाही." "ते दिसतंय. ज्यानं रंगवली त्याला कुणी सांगितलं, एवढंच विचारायला आलोय." तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला मी वैतागून जुनी फाइल शोधून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उभ्यानंच वाचली, टिपून घेतली, आणि जाताना म्हणाले, "ओव्हाळबाई, आपल्याला शोधता येतं. संध्याकाळी घरी या. वेळ नसला तरी या."

गेले मी. पण डोळे उघडे ठेवून गेले. आम्ही बौद्ध, आणि पेठेतल्या घरांत आमचं आडनाव ऐकल्यावर चेहऱ्यावर काय काय येतं आणि लगेच कसं पुसलं जातं, ते मी लहानपणापासून बघत आले होते. चहा आला तेव्हा मी आधी कप बघितला. आमच्यासारख्यांना तो बघावाच लागतो. दोन्ही कप एकाच नक्षीचे होते. म्हटलं, ठीक आहे, विसळताना बघू. सरांच्या पत्नी तेव्हा होत्या. त्यांनी दोन्ही कप एकाच मोरीत, एकाच पाण्यात विसळले. तरी माझा संशय काही गेला नाही, जरा मागं सरकून उभा राहिला इतकंच. पुढं तीस वर्षं तो तिथंच होता आणि मी दर आठवड्याला त्या घरी जात होते.

सरांची पद्धत अशी. एका बोळाला एक पुठ्ठ्याचं कार्ड. वर बोळाचं नाव. खाली 'साक्ष १' आणि 'साक्ष २' असे दोन रकाने, प्रत्येकात सांगणार कोण आणि लिहून घेणार कोण. तळाशी रकाना 'शंका'. सगळं आधी पेन्सिलीत. दोन माणसांनी तीच हकिकत सांगितली आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नसली, तरच कार्ड शाईत गिरवायचं. ओळख असली तर गेलं. मग ती दोन तोंडांनी सांगितलेली एकच गोष्ट, असं ते म्हणत. आणखी एक नियम होता. लिहून घेणाऱ्यानं स्वतः साक्ष द्यायची नाही. शंकेचा रकाना मात्र कायम पेन्सिलीत, कारण शंका केव्हाही पुसता आली पाहिजे. आणि समोरचा काहीही सांगत असो, मध्येच शांतपणे विचारायचं, "कशावरून?" या एका शब्दापायी सरांना किती घरांतून चहा न मिळता परत यावं लागलं, ते मी मोजलेलं नाही.

संशय हे त्यांचं हत्यारच होतं म्हणा ना. तपकीर बोळाबद्दल आम्हाला तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. तिन्हींत सांगणाऱ्याचा आजोबा होता. बाहेर पडल्यावर सर म्हणाले, "ज्याच्या त्याच्या गोष्टीत त्याचाच आजोबा कसा काय सापडतो? उरलेलं पुणं काय ओस पडलं होतं?" तेव्हापासून सांगणाऱ्याचा पूर्वज गोष्टीत आला की साक्ष अर्धी धरायची, दुसरीकडून तोच तपशील आला तरच पुरी, असं ठरलं. एकदा हिंजवडीतल्या एका चौकाला बैलपाणी का म्हणतात म्हणून आम्ही गेलो. दोन बस बदलून, कंपन्यांच्या गाड्यांच्या गर्दीत तास-दीड तास अडकून. तिथल्या एका शेतकरीबाबांना सरांनी इतकं खोदून विचारलं की ते शेवटी म्हणाले, "अवो, बैलं पाण्याला थांबायची हितं, म्हणून बैलपाणी. दुसरं काय आसंल? बैल काय कंपनीत कामाला हायेत?" सर खूश. तरी दुसरा साक्षीदार शोधायला ते पुढच्याच महिन्यात पुन्हा गेले, एकटे. ही हिंजवडीची खेप मी मुद्दाम लक्षात ठेवली. का, ते पुढं येईलच.

आता भागूबाईचा बोळ. सरांच्या घराच्या मागच्या अंगाला एक अरुंद बोळ आहे, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं. भागूबाई म्हणजे माझी आजी, आईची आई. सुईण होती. पेठेतल्या घरांतून बाळंतपणं करायची, पण पुढच्या दारानं जायची नाही. त्या घरांची मागची दारं या बोळात उघडायची, म्हणून तिचा रस्ता हा. लोक म्हणायला लागले भागूबाईचा बोळ. हे मी आईकडून ऐकत मोठी झाले. पण पेठेतल्याच एका हौशी मंडळानं काढलेल्या पुस्तिकेत असं छापलंय की भागूबाई ही देवळाला रोज फुलं पुरवणारी सात्त्विक स्त्री होती. कुणाची कोण, कुठली, काही पत्ता नाही. नुसती सात्त्विक. माझ्या आजीच्या हातून जन्मलेल्या पोरांनी मोठं होऊन तिच्या हातात फुलांची परडी दिली आणि तिलाच पुसून टाकलं, याचा मला संताप यायचा. अजून येतो. सरांच्या ओळखीला वर्षभर झाल्यावर मी हे त्यांना सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग कार्ड काढलं, पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि म्हणाले, "आईंची साक्ष आपण लिहून आणा. मी येणार नाही. आणि हो, आपण काही सुचवू नका, त्या बोलतील तेवढंच लिहा."

मी लिहून आणलं. आता दुसरा साक्षीदार हवा होता. तो मीच शोधला, बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या एक आजी. नव्वदीच्या होत्या, पण खणखणीत. आईला त्या ओळखत नव्हत्या. मी सरांना घेऊन गेले. आजी म्हणाल्या, "भागूबाई सुईण होती हो, इकडूनच जायची." मला वाटलं, झालं काम. सरांनी विचारलं, "कशावरून?" तर आजी म्हणाल्या, "अहो, तुम्हीच नाही का आला होतात दहा-बारा वर्षांपूर्वी? इथं भागूबाई नावाची सुईण यायची का म्हणून विचारत होतात. मला तेव्हा आठवलं नव्हतं. पण मग चार जणींशी बोलणं झालं आणि…" सर उठलेच. रस्त्यात म्हणाले, "संपलं. माझाच प्रश्न उत्तर होऊन परत आलाय." आमच्या कामातली ही सगळ्यात वाईट चूक. विचारायला जावं आणि विचारण्यातूनच गोष्ट पेरून यावी. घरी जाऊन त्यांनी साक्ष खोडून टाकली. मी इतकी चिडले होते की एक साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी तर सर मला ओळखतही नव्हते. मग सुईण कुठून आली त्यांच्या प्रश्नात?

माझं लक्ष दुसरीकडेच होतं. सर आमच्या घरी येत नव्हते. तेव्हा आम्ही त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहायचो. आई दर सणाला म्हणायची, तुझ्या सरांना घेऊन ये. मी सांगायची, सर म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात बघू." तो आठवडा काही आला नाही. पुढं आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला. आईनं पुन्हा निरोप दिला. यावेळी सर म्हणाले, "वाघोली फार लांब पडते हो." हिंजवडी लांब पडत नव्हती, बैलांचं पाणी बघायला दोनदा जाता येत होतं. वाघोलीला मात्र रस्ता संपत होता. आई त्यांच्यासाठी म्हणून काढलेला चांगला कप पुन्हा फळीवर ठेवायची, बस. एकदा फक्त म्हणाली, "आपल्या घरी चहा घेतला तर त्यांच्या कार्डाला डाग पडेल बहुतेक." मी सरांची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्याजवळ बाजू नव्हती. घरी मला चहा द्यायचा, एकाच मोरीत कप विसळायचा, हे सगळं दाखवण्यापुरतं असलं तर? नियम, साक्ष, शंका, हे सगळं आमच्या बोळापाशी आल्यावरच इतकं कडक का होतं? असं मी शंभरदा मनाशी घोळवलं आणि शंभरदा त्यांच्याकडे गेले. हे माझं मलाही कळलेलं नाही.

गेल्या वर्षी पेठेतल्या बारा बोळांना नव्या पाट्या लावायचं ठरलं. नावाखाली दोन ओळींची माहिती. ती लिहून द्यायला सरांनाच सांगितलं. आईला मी म्हटलं, आता आजीचं नाव पाटीवर येईल, तुला गाडीनं घेऊन जाते बघायला. आईनं नवीन साडी बाजूला काढून ठेवली. सरांनी अकरा बोळांच्या ओळी लिहून दिल्या. बारावा कोरा. "दुसरी साक्ष अजून कार्डावर नाही, ओव्हाळबाई," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "साक्ष नाही की जात आड येतेय?" तीस वर्षांत पहिल्यांदा हा शब्द मी त्या घरात उच्चारला. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "आपल्याला तसं वाटायला कारण आहे." मी चप्पल घातली आणि निघून आले. त्यानंतर गेले नाही. पाच महिन्यांनी मेधाचा फोन.

दहाव्या दिवशी मेधा वाघोलीला आली. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सुट्टी टाकून आली होती, मांडीवर कार्डांचा लाकडी खोका धरून. "बाबांनी स्ट्रिक्टली सांगितलं होतं, ते गेल्यावरच द्यायचा. आणि तुम्हालाच. ते तुमच्या फोनची वाट बघत होते ताई, पण करायचे नाहीत स्वतः. तुम्हाला माहितीय ना त्यांचा इगो." आईनं तिला चांगल्या कपात चहा दिला. तिनं तो घेतला आणि आणखी मागितला. ती गेल्यावर मी खोका उघडला. भागूबाईच्या बोळाचं कार्ड सगळ्यात वर होतं. साक्ष १ मध्ये माझ्या आईचं नाव, लिहून घेणार मी. साक्ष २ मध्ये सरांचं अक्षर, पेन्सिलीत, बारीक:

"सांगणार : मी स्वतः. लिहून घेणार : (रिकामं). माझा जन्म या बोळालगतच्या आमच्या मागल्या खोलीत. सुईण भागूबाई. आईकडून अनेकदा ऐकलेले. आत येण्याआधी ती हातातलं कथलाचं कडं काढून मागल्या दाराच्या कडीला अडकवी. कडं दिसलं की शेजारणी पाणी तापत ठेवत. माझ्या जन्मानंतर तिला आमच्या नळावर हात धुऊ दिले नाहीत. तशाच हातांनी गेली. आई हे सांगताना दरवेळी इथं थांबे."

त्याखाली आणखी दोन ओळी. "साक्ष १ मध्ये कड्याचा उल्लेख नाही. विचारू नये, आपण होऊन आला तरच धरावा. दोन्ही साक्षीदारांची ओळख नाही. भेट कटाक्षानं टाळली आहे."

मी ते कितीदा वाचलं, कोण जाणे. भेट कटाक्षानं टाळली आहे. म्हणजे पुढच्या आठवड्यात बघू, आणि वाघोली लांब पडते हो, हे सगळं यासाठी. सर आईसमोर एकदा बसले असते तर दुसरी साक्ष बाद झाली असती, आणि माझ्या आजीला तिसरा साक्षीदार या जगात उरला नव्हता. मला आधी सांगितलं असतं तर मी आईला सांगितलं असतं, म्हणजे पहिलीही साक्ष बाद. मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि त्याच्यावर जीव टाकावासा वाटला, दोन्ही एकदमच. मग डोळे पुसले, कार्ड पालथं ठेवलं आणि त्यांच्याच पद्धतीनं कोरा कागद घेऊन आईजवळ जाऊन बसले.

आई मेथी निवडत होती. मी काही सुचवलं नाही. म्हटलं, "आजी कामावरून घरी यायची ना, ते जरा सांग." आई म्हणाली, "कितीदा सांगितलंय." मी म्हटलं, "परत सांग." ती सांगत गेली. कुठली घरं, कुठल्या वेळा, उन्हाळ्यात पाय कसे भाजायचे. मी शब्दाला शब्द लिहीत गेले. बराच वेळ गेला, मेथी संपत आली, आणि आई म्हणाली, "आली की आधी नळावर जायची. मग पदराची गाठ सोडायची. तिचं एक कथलाचं कडं होतं, ते जाताना हातात असायचं आणि येताना पदराच्या गाठीला. मी विचारायची, हातात का नाही घालत, तर म्हणायची, हात धुतल्याबिगर नाही घालायचं." मी विचारलं, "मग तिकडंच का नाही धुवायची हात?" आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आत्ता जन्मलेय. म्हणाली, "कुठं धुवायची? कुणाच्या नळावर?"

सरांच्या आईनं कडीला अडकवलेलं कडं बघितलं होतं. माझ्या आईनं ते गाठीतून सुटताना बघितलं होतं. मधल्या वाटेवर ते हातात का नव्हतं, ते आता दोन्ही साक्षींतून उलगडलं.

मग मी आईला कार्ड वाचून दाखवलं, सगळं, शेवटच्या दोन ओळींसकट. हात धुऊ दिले नाहीत, हे ऐकताना आई मेथीच्या काड्या गोळा करत राहिली. तिला ते माहीतच होतं. भेट टाळली आहे, इथं आल्यावर मात्र तिनं हात थांबवले. "म्हणजे आमची ओळख होऊ नये म्हणून आला नाही?" "हो," मी म्हटलं. "बोळाच्या नावासाठी. आजीसाठी." आईनं काड्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "माझ्या आईनं जन्माला घातलेला माणूस होता तो. माझ्या दारात यायला हवा होता. ओळख झाली असती, एवढंच ना? होऊ द्यायची होती."

सर नियमासाठीच आले नाहीत, की त्या नळाची गोष्ट पोटात घेऊन आईसमोर बसायची त्यांना लाज वाटत होती, आणि नियम हे निमित्त मिळालं? तेच माझ्या जागी असते तर त्यांनी विचारलं असतं, कशावरून. आणि मला सांगता आलं नसतं. संशय घ्यायला त्यांनीच शिकवलं, तेव्हा त्यांच्यावरही घेते. त्यांना ते आवडलं असतं, एवढं मात्र खात्रीनं सांगू शकते.

बाराव्या बोळाच्या दोन ओळी मी लिहून पाट्यांच्या कचेरीत नेऊन दिल्या. सुईण हा शब्द त्यात आहे. कागद पोचल्याची सही घेतली आहे, तारखेसकट. पाटी लागेल तेव्हा लागेल, आईची साडी अजून बाजूलाच आहे. खोका माझ्या टेबलावर असतो. त्याच्या कप्प्यात सरांची दौत होती, तिच्यातली शाई पेनात भरून मी भागूबाईचं कार्ड गिरवलं. बोळाचं नाव, साक्ष १, साक्ष २. कड्याचा उल्लेख आपण होऊन आला, हे पहिल्या साक्षीत जोडलं. 'लिहून घेणार' या रिकाम्या जागी माझं नाव घातलं. मग राहिला तळाचा रकाना. तो पेन्सिलीत भरायचा असतो, ते मला माहीत आहे. मी शाईनंच लिहिलं.

शंका : ओळख होऊ द्यायची होती. सांगणार : आई.